सागराईच्या भिंतीवरच्या लाटा

मुरवाडीच्या पुळणीवर आज एकही घर नाही. वस्ती सगळी वर, टेकडीच्या उतारावर. खाली वाळूत उभं आहे ते फक्त सागराईचं देऊळ, आणि त्याच्या पाठच्या भिंतीवर एकीवर एक चढत गेलेल्या निळ्या लाटा. ही नक्षी कुणाची, असं पाहुण्यांनी विचारलं की गावातली जुनी माणसं भिवराची हकिगत सांगतात.

भिवरा सून होऊन आली तेव्हा वस्ती खालीच होती, असं सांगतात. तिचा सासरा बाळकू तांडेल, होडीवरचा म्होरक्या. वयामुळे होडीवर जाणं सुटल्यापासून तो दर वर्षीच्या सगळ्यांत मोठ्या उधाणाला खाडीच्या तोंडावरच्या काळ्या खडकावर छिन्नीने रेघ मारायचा. "समुद्र वर येतोय, घरं हलवा," हे सांगून सांगून तो थकला. लोक हसायचे. "तांडेलाला पायाखालचं दिसत नाही, आणि म्हणे समुद्र दिसतोय!" म्हाताऱ्याचे डोळे खरोखरच अधू झाले होते.

लग्नघरांच्या भिंती रंगवण्यात भिवराचा हात धरणारं कुणी नव्हतं. कालवं काढायला गेली असता तिने त्या रेघा पाहिल्या.

"मामंजी, खालच्या रेघा चिकटून आणि वरच्या लांब लांब, असं का हो?"

"हे मला आजवर कुणी विचारलंच नाही गो," म्हातारा म्हणाला. "पाणी दर साली आधीपेक्षा जास्तच चढतंय, म्हणून."

तिला मग चैन पडेना. रेघांमधली अंतरं तिने दोरीने मापली. भरतीचं पाणी सगळीकडे एकाच पातळीत उभं राहतं, हे सासऱ्याने सांगितल्यावर पाण्याच्या कडेला काठ्या रोवून कुठला उंबरठा किती वर, तेही पाहिलं. सारी मापं तिने देवळाच्या भिंतीवर त्याच उंचीला उतरवली. वर्षाची एक लाट, निळीची. घरांचे उंबरठे गेरूचे. चुन्यात तिने वाळू कालवली, मामंजींना बोटांनी वाचता यावं म्हणून.

बाया बघायला जमल्या. जी ती हसत आपलं घर शोधू लागली. काशी नावाच्या लेकुरवाळीने आपल्या दाराशी बोट टेकवलं.

"आणि उंबऱ्याला लागलेली ही लाट?"

"औंदाच्या उधाणाची."

"मग पुढल्या साली?"

भिवराने रंगाची काडी पुढे केली. "खालच्या लाटा बघ, नि तूच काढ."

काशीचा हात वर गेला आणि उंबऱ्याच्याही वर जाऊन थांबला. घरी जाऊन तिने टेकडीवर न्यायला पाळणा सोडला.

तिचं पाहून पुढच्या पावसाळ्याआधी सारी वस्ती टेकडीवर चढली. त्याच साली वादळ आलं आणि रिकामी घरं वाहून गेली. माणूस एकही गेला नाही, म्हणे. पाणी ओसरल्यावर बाळकू भिंत चाचपत आला. ओल कुठवर चढली ते त्याने तळव्याने शोधलं, "इथं काढ," म्हणाला, आणि वाळूत बसून ढसाढसा रडला. आपण खरे ठरलो याचं त्याला काडीचंही सुख नव्हतं.

आजही नारळी पुनवेला बाया खाली उतरून सरत्या वर्षाची लाट काढतात. एखाद्या साली ती आधीच्या लाटेच्या खालीही येते, तेव्हा तिथेच काढतात. मागे एका नव्या सुनेने शोभेसाठी लाट जराशी वर नेली होती. जुन्या बायांनी ती ओल्या फडक्याने पुसली आणि तिला पुन्हा खडकाकडे मापायला धाडलं.