एका नळीची चौकशी

माझ्या शेतराखणीच्या बंदुकीचा परवाना संपला होता. बंदूक ठाण्यात पडून होती आणि रानडुकरं भात तुडवत होती. नवा परवाना आमदार दाजीसाहेबांनी अडवला होता.

निवडणूक जवळ आली तसे ते देवळासमोर सभेला आले. सगळ्यांदेखत मला म्हणाले, "तात्या, गाव मला मत देणार असेल तर बंदूक मिळेल. नाहीतर डुकरं सांभाळा."

माझ्या शेजारच्या घरातली सत्यभामा गावडे उठली.

"दाजीसाहेब, तात्यांनी बंदूक मागितली तेव्हा पोलीस माझ्याकडे चौकशीला आले होते. माणूस पितो का, तापट आहे का, कुणावर हात उचललाय का? बंदुकीच्या एका नळीसाठी एवढं विचारलं. तुमच्या हाती तर अख्खा तालुका द्यायचा. उद्या तुमच्या शेजाऱ्याला विचारून येऊ?"

त्या शेजाऱ्याला दाजीसाहेबांनी भर बाजारात झोडपलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"एवढ्या लांब कशाला जाता?" ते म्हणाले. आठवड्यात परवाना आला. मत मी त्यांना दिलं नाही.

नव्या तांदळाची पहिली पायली सत्यभामेच्या घरी नेली.

"हे कशाला, तात्या?"

"हाही परवाना कधीतरी संपेल, पोलीस पुन्हा इथंच विचारायला येतील," मी म्हणालो आणि आयुष्यात प्रथमच शेजारणीपुढे उमेदवारासारखे हात जोडले.