घोसाळ्याच्या वेलाची कंकणं

एका बाजारपेठेच्या गावी एक ओतारी होता. लोकांची फुटकी भांडी वितळवून तो दागिने घडवी. खरं पान, खरी कळी मातीत दाबून साचा घ्यायचा आणि त्यात तांबं ओतायचा. त्याची चिंचेच्या पाल्याची कर्णफुलं पाहून बायका हरखून जात. हाताला गुण होता, पण गडी भारी मानी. माल कमी पडतोय असं गिऱ्हाइकाला सांगणं म्हणजे त्याला नाक कापल्यासारखं वाटे.

एकदा लग्न ठरलेली एक मुलगी तांब्याचा लहानसा गडू घेऊन आली. गडू तिच्या वारलेल्या आईचा. त्यानेच पाणी घालून आईने मोरीमागे घोसाळ्याचा वेल वाढवला होता. हा गडू वितळवून त्या वेलाच्या घाटाची दोन कंकणं करून द्या, दुसरं तांबं मात्र मिसळू नका, एवढंच तिचं मागणं. वेलाचा शेंडाही तिने सोबत आणला होता. ओतारी म्हणाला, त्यात काय मोठं, होऊन जाईल.

ती गेल्यावर त्याने गडू उलटा केला आणि बघतो तर काय, बुडाला शिशाचे डागच डाग! गडू गळू लागला की आईने दर वेळी तो शिशाने सांधून घेतला होता. असे डाग आधी कापायचे, मगच भांडं वितळवायचं, नाहीतर तांबं ठिसूळ होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण डाग कापले तर जेमतेम एकच कंकण होणार. "पुरत नाही" म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याने गडू डागांसकट वितळवला.

कंकणं अशी उतरली की वऱ्हाडी बघत राहिले.

महिन्याभराने मुलगी परत आली. पाणी शेंदताना एक कंकण तुटलं होतं, दुसरं उंबऱ्यावर आपटून. तुकडे तिने पदरात बांधून आणले होते. पुन्हा ओता, म्हणाली. तेव्हा ओताऱ्याला सगळं सांगावंच लागलं. तांब्यात गेलेलं शिसं काही त्याच्या हातून निघणार नव्हतं.

"काका, डाग कापले असते तर एक झालं असतं?"

"झालं असतं. चांगलं टिकलं असतं."

"मग एकच द्यायचं होतं. दोन मागितली खरी, पण मला आई हातात हवी होती, एका हातात असती तरी पुरे होतं."

तुकडे पुन्हा पदरात बांधून ती निघून गेली.

तात्पर्य: जे पुरत नाही, ते पुरत नाही असं वेळीच सांगावं, आपला मान राखण्यासाठी दुसऱ्याची ठेव पणाला लावू नये.