देवीचा आगाऊ पेढा

बाजारपेठेत हिरामणशेठचं साड्यांचं दुकान होतं. शेठचं पोट मोठं, मिशी त्याहून मोठी आणि मन मात्र सुपारीएवढं. एका सकाळी त्यांनी गादीवरून फर्मान सोडलं, "आजपासून पगार बंद! जो साडी विकेल, त्यालाच कमिशन. आधी विक्री, मग पैसा!"

नोकरांचे चेहरे उतरले. आषाढात तर दिवसदिवस गिऱ्हाईक फिरकत नसे.

वीस वर्षं साड्या दाखवणारी चंद्रकला मात्र उठली. शेठ रोज दुकान उघडताच लक्ष्मीच्या तसबिरीपुढे पेढ्यांची वाटी ठेवत. चंद्रकलेने ती उचलली आणि सरळ शेठच्या पुढ्यात आणून ठेवली.

"अगं, देवीचा नैवेद्य उचलतेस?" शेठ किंचाळले.

"संध्याकाळपर्यंत थांबवलाय, शेठ. आधी विक्री, मग पेढा."

"खुळी की काय तू! देवीला आधीच द्यावं लागतं. ती प्रसन्न असली तरच गिऱ्हाईक पायरी चढतं!"

"आणि चढल्यावर त्याला साडी कोण दाखवतं? देवीला भूक लागत नाही, तरी तिला आगाऊ. आम्हाला तर दोन वेळा लागते!"

अख्खं दुकान खो खो हसलं. समोरचा पानवालाही चुना लावायचा थांबून हसला. शेठची मिशी खाली आली. पगार पुन्हा सुरू झाला, वर कमिशनही राहिलं.

"आता तरी ठेव ती वाटी जागेवर," शेठ पुटपुटले.

चंद्रकलेने वाटी देवीपुढे ठेवली, पण त्यातले दोन पेढे बाजूला काढले.

"हे संध्याकाळी, शेठ. विक्री चांगली झाली तर देवीचं कमिशन!"