मामांनी शिवून आणलेला परकर

कालिंदीचा नवरा वारला आणि सहा वर्षांच्या रेवाचा ताबा मागायला तिचे मामा बापूसाहेब नलवडे कौटुंबिक न्यायालयात आले. रेवाची जन्मदाती ही त्यांची बहीण. ती कधीच गेली होती. कालिंदी दुसरेपणाची.

"सावत्र आईला कसली माया, साहेब?" बापूसाहेब छाती काढून म्हणाले. "भाचीला मी कधी अंतर दिलं नाही. हा बघा खणाचा परकर, खास तिच्या मापाचा शिवून आणलाय!"

कालिंदीची नजर परकरावर गेली. "साहेब, आत्ताच नेसवून बघू का?"

परकर जेमतेम रेवाच्या गुडघ्यापर्यंत आला. लोक हसले.

"हसू नका," कालिंदी म्हणाली. "दादांची माया खरीच आहे. फक्त ती अजून तीन वर्षांच्या रेवावर आहे. त्यापुढची रेवा माझ्याजवळ वाढली."

बापूसाहेबांची मान खाली गेली. न्यायाधीशांनी रेवाला कालिंदीकडेच ठेवलं.

बाहेर आल्यावर बापूसाहेब परकर परत घेऊ लागले, पण कालिंदीने तो सोडला नाही.

"राहू द्या, दादा. खाली दुमड आहे, उसवून लांब करते. पुढचा शिवाल तेव्हा मात्र घरी येऊन माप घ्या."