महाराजांची दुपारची आंघोळ

रणधवल महाराजांनी खिरीचा चमचा तोंडाजवळ नेला आणि नेमके दिवे गेले. खीर गेली मिशीत!

"पुन्हा?" महाराज अंधारात गरजले. "रोजचंच झालं हे!"

दिवे आले तेव्हा प्रधान भीमाजीपंत हात जोडून उभे होते. "महाराज, कोळशाची भट्टी आपणच बंद केलीत. आता वीज येते ती सौर पाट्यांतून आणि टेकडीवरच्या पवनचक्कीतून. दुपारी इतकी येते की वाया जाते! आणि ऊन उतरलं की अख्खं नगर एकदम विजेचे बंब लावतं, इस्त्र्या लावतं. एकटी पवनचक्की कुणाकुणाला पुरणार? भट्टी पुन्हा—"

"मुळीच नाही! त्या धुराने माझी पांढरी मिशी काळी व्हायची आणि लोकांना वाटायचं, म्हातारा कलप लावतो."

"मग कामं दुपारी उरकायचा हुकूम तरी काढा."

"हुकूम? मागे मी कांद्यावर बंदी घातली, तर कधी न खाणारेसुद्धा कांदा खायला लागले. ही माझ्या हुकमाची किंमत!" महाराजांनी मिशीतली खीर पुसली. "ऐका! उद्या संध्याकाळी दिवे जाता कामा नयेत. नवं यंत्र नाही, कोळसा नाही, प्रजेवर एकही हुकूम नाही. जमवेल त्याला बक्षीस. पैज घेऊन हरेल त्याने जन्मभर पवनचक्की हाताने फिरवायची. आहे कुणी?"

सगळे खाली बघू लागले. न्हाणीघरातली दासी ठकू पंचा घेऊन मागे उभी होती. तिच्या नाकावर डास बसला. तो हाकलायला तिने हात वर केला.

"शाब्बास, ठकू!" महाराज म्हणाले.

ठकूचा हात वरच राहिला. 'गेले डास मारायला आणि मेले मीच!' तिच्या मनात आलं. 'आणि डोकं तरी कुणाचं? कालच बंबात पाणी न घालता बटण दाबणारीचं!'

सकाळी ती रडवेल्या तोंडाने नळावर गेली. तिथे पंतांची मोलकरीण भेटली. "काय गं ठकू, महाराज आजही दिवेलागणीलाच न्हाणार ना? ते न्हाले की लगेच आमचे पंत न्हातात."

"आमचे सेनापतीही!" मागची म्हणाली. "आणि त्यांचं बघून सगळी पेठ!"

ठकूची घागर भरून वाहायला लागली, तरी ती तशीच उभी. मग एकदम घागर उचलून ती वाड्याकडे पळाली.

ऐन दुपारी ती महाराजांपुढे उभी राहिली. "पाणी तापलंय, चला."

"आत्ता? मी संध्याकाळी न्हातो!"

"आत्ताच न्हायचं. इस्त्रीचा अंगरखाही आत्ताच मिळेल. संध्याकाळी फक्त गार पाणी!"

महाराजांनी तीन लढाया जिंकल्या होत्या, पण गार पाण्यापुढे ते नेहमीच शरण जात. कुरकुरत न्हाणीघरात गेले. ठकूने खिडकी सताड उघडली. महाराजांचं बेसूर गाणं थेट पेठेपर्यंत पोचलं.

"अरे, महाराज दुपारी न्हातायत!"

झालं! पंतांचा बंब लागला, सेनापतींचा लागला, मग पेठेतले झाडून सगळे. इस्त्र्याही तापल्या. ऊन उतरेपर्यंत अख्खं नगर न्हाऊन, कडक कपडे घालून तयार!

संध्याकाळी महाराज जेवायला बसले. ठकू दाराआड डोळे मिटून देवाचा धावा करत होती. भात झाला, खीर आली, खिरीची वाटी रिकामी झाली. दिवे जागचे हलले नाहीत!

"महाराज, हिने अट मोडली!" पंत उठलेच. "अख्खं नगर दुपारी न्हालं. हुकमाशिवाय हे व्हायचं नाही!"

"तुम्ही का न्हालात, पंत?" ठकूने विचारलं.

पंत चाचरले. "मी... म्हणजे... महाराज न्हाले म्हणून."

"हुकूम मी सोडला, महाराज," ठकू म्हणाली. "पण एकच, आणि तोही तुमच्यावर! प्रजेवर हुकूम नको म्हणालात. राजावर नको, असं कुठे म्हणालात?"

महाराज असे हसले की पगडी ताटात पडली.

"म्हणजे माझे दिवे रोज मीच घालवत होतो! आणि चोर शोधत होतो गावभर! ठकू, काय डोकं आहे तुझं!"

"डोकं कसलं, महाराज? मला दिवेलागणीलाच झोप येते. तेव्हा बंब तापवायचा कंटाळा!"

महाराज पुन्हा हसत सुटले. त्यांनी तिला सोन्याच्या पाटल्या दिल्या, रोजची संध्याकाळ मोकळी दिली आणि वर महाराजांवर दररोज एक हुकूम सोडायचा हक्क दिला!