न वाळलेला पलंग

खूप खूप जुनी गोष्ट आहे. कोणत्या राज्यातली, कोणत्या राजाच्या वेळची, ते मला विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की त्या काळी पाखरं माणसांशी बोलायची. माणसं मात्र तेव्हाही कुणाचं ऐकायची नाहीत.

तर एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात भिवाजी नावाचा तेली राहायचा. पडवीत तेलाचा घाणा, घाण्याला एक म्हातारा बैल आणि घरात येसू नावाची एकुलती एक लेक. येसूची आई ती लहान असतानाच गेली. पुढं बापानंच तिला वाढवलं. संध्याकाळी घाणा थांबला, की भिवाजी पडवीतच गोणपाट अंथरायचा आणि येसू त्यावर आडवी व्हायची. मोठी बडबडी पोर. बापाशी बोलायची, बैलाशी बोलायची आणि दोघंही कंटाळले की घाण्याशी बोलायची.

पोरी काय, बघता बघता मोठ्या होतात. येसूचं लग्न घाटापलीकडच्या गावात झालं. लेकीला पोचवायला भिवाजी तिच्या सासरपर्यंत गेला आणि तिथं त्यानं नव्या सुनेसाठी सजवलेली खोली पाहिली. शिसवी पलंग, त्यावर कशिद्याची चादर, भिंतीवर आरसा, दाराला काचमण्यांचा पडदा, उशाशी मोरपिसांचा पंखा. आयाबाया आत डोकावत होत्या आणि तोंडभर कौतुक करत होत्या. भिवाजी मात्र मान खाली घालून उभा राहिला. त्याला आपल्या पडवीतलं गोणपाट आठवलं आणि त्याचा जीव नुसता तुटला.

निरोप घेताना येसू त्याचा हात सोडेना. म्हणाली, "आबा, मुराळी लवकर धाडा हं."

"धाडतो गं, धाडतो," भिवाजी म्हणाला. पण त्याचे डोळे त्या पलंगावरच होते.

आता इथं त्या मुलखाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सासरी गेलेल्या लेकीला माहेरी आणायला माहेरचा माणूस जायचा. त्याला म्हणायचे मुराळी. मुराळी दारात आल्याशिवाय सासरचे सुनेला पाठवायचे नाहीत, आणि न बोलावता माहेरी जाणं लेकीला स्वतःलाच कमीपणाचं वाटायचं. बापानं जाऊन भेटावं म्हटलं, तर बापानं लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, अशी दुसरी रीत. म्हणजे भेट व्हायची तर मुराळ्यावाचून दुसरी वाटच नव्हती.

आणि मुराळी तर घरचाच होता. भिवाजीचा धाकटा भाऊ केरबा. तो पायात वहाणा घालून तयारच बसलेला. "दादा, कधी निघू?" असं त्यानं विचारलंदेखील.

"थांब जरा," भिवाजी म्हणाला. "पोर तिकडं शिसवी पलंगावर झोपते. इथं आली की तिला गोणपाटावर झोपवू होय? आधी खोली होऊ दे."

मग काय, कामाला लागला गडी! पडवीमागं भिंत उठवली. जंगलातून शिसवाचं लाकूड आणून पलंग करवून घेतला. भिंती लिंपल्या, दिवळीत समई आणि उशाशी मोरपिसांचा पंखा ठेवला. आरसा टांगताना येसूची उंची आठवून, स्वतः गुडघ्यात वाकून, त्यानं खुंटीची जागा ठरवली. यात वर्ष गेलं.

त्या मुलखात एक कासार बांगड्यांचं ओझं पाठीवर घेऊन घाटाच्या दोन्ही बाजूंना हिंडायचा. त्याच्याकडून येसूचा निरोप आला. "आबांना म्हणावं, मुराळी कधी येतोय? मी रोज ओसरीवर बसून वाटेकडं बघते."

भिवाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिला सांगा, पडदा तेवढा राहिलाय. काचमणी ओवून झाले की लगेच धाडतो."

पडदा झाला. मग उश्यांचे अभ्रे राहिले. अभ्रे झाले, तर पडद्याच्या रंगापुढं चादर फिकी दिसायला लागली. माणसाला एकदा सजवायचा नाद लागला, की खोलीत सदा काहीतरी कमीच असतं. आता तुम्हीच सांगा, लेक काय चादर बघायला येणार होती?

पण खरा घोळ झाला तो पलंगापायी. भिवाजी पडला तेली. घरात जवसाच्या तेलाला तोटा नाही. लाकडाला तेल दिलं की ते टिकतं, चकाकतं, त्याला भेगा पडत नाहीत, हे सगळं खरं. पण त्याची एक पद्धत असते. फडक्यानं हलका हात फिरवायचा, उरलेलं तेल कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं आणि मग बरेच दिवस त्या लाकडाकडं फिरकायचंसुद्धा नाही. भिवाजीला कुठला एवढा धीर! येसूची आठवण आली, की तो तेलाची वाटी घेऊन खोलीत शिरायचा. आणि आठवण तर रोजच यायची. आदला हात वाळायच्या आत दुसरा, दुसरा वाळायच्या आत तिसरा. पलंग असा काही चकाकायला लागला, की त्यात तोंड दिसावं. पण बोट लावलं तर बोट चिकटायचं.

"वाळला की मुराळी धाडतो," तो म्हणायचा आणि पुन्हा तेलाची वाटी उचलायचा.

पुढं कासारानं बातमी आणली, की येसूला दिवस गेलेत. शेजारच्या हौसाकाकू तरातरा भिवाजीच्या दारात आल्या. "भावजी, पहिलं बाळंतपण माहेरी होतं! आता तरी केरबाला पाठवा. आई नसली म्हणून काय झालं, मी आहे की करायला."

"पाठवतो वहिनी. पण पलंग अजून ओला आहे. बाळंतिणीला चिकट पलंगावर कसं निजवू? एवढं तेल मुरू दे."

"जळ्ळं ते तुमचं तेल!" हौसाकाकू म्हणाल्या. "पोरगी काय पलंगाला भेटायला येणार आहे?"

भिवाजी वाटी घेऊन पुन्हा खोलीत शिरला. तेल काही मुरलं नाही. येसूचं बाळंतपण सासरीच झालं, आणि नातवाच्या बारशाचे पेढे कासाराच्या हातून आले. भिवाजीनं ते देवापुढं ठेवले आणि खोलीत जाऊन रडला. रडून झाल्यावर डोळे पुसले, आणि त्याच फडक्यानं पलंगही पुसला.

परसातल्या विहिरीवर एक बाभूळ झुकलेली होती. तिच्यावर एक सुगरण पक्षी घरटं विणायचा. तो हे सगळं बरीच वर्षं बघत होता. एक दिवस त्याला राहवेना.

"भिवाजी, खोली झाली नाही का रे अजून?"

"होत आली," भिवाजी म्हणाला.

"माझं बघ. मी अर्धं घरटं विणतो आणि थांबतो. मग जिवाच्या आकांतानं हाका मारतो. मादी येते, आत डोकावते, चोचीनं ओढून बघते. तिला आवडलं, की मगच मी उरलेलं पुरं करतो. ती आलीच नाही तर पुरं करून मी एकटा आत बसू होय?"

"तुझं बरं आहे बाबा," भिवाजी चिडून म्हणाला. "पाखराला कोण नावं ठेवतंय! मी लेकीला अर्ध्या खोलीत बोलावलं तर चारचौघांत काय शोभा राहील?"

"चारचौघं राहायला येणार आहेत का?" पाखरानं विचारलं.

भिवाजीनं तेलाचं फडकं त्याच्यावर भिरकावलं. पाखरू उडून गेलं. खरं ऐकवणाऱ्याला आपण फडकं मारतो, ही आपली जुनीच खोड.

वर्षामागून वर्षं गेली. दुपारी घाणा थांबला, की भिवाजी खोलीच्या उंबऱ्यात बसून आत बघत राहायचा. त्याला वाटायचं, येसू आता या कुशीवर वळेल, आता उठेल, आरशात बघून वेणी घालेल, बडबड करेल. कान भरून ऐकावीशी वाटायची त्याला ती बडबड. रस्त्यात कुणाच्या बांगड्या वाजल्या, की तो धडपडून दाराशी जायचा. गावातल्या दुसऱ्या लेकी माहेरी यायच्या, झाडाला झोके बांधायच्या, आणि तो दार लोटून घ्यायचा. इतका जीव लागलेला, पण केरबाला "जा" एवढं काही त्याच्या तोंडून निघेना.

येसूचे निरोपही हळूहळू बदलत गेले. आधी ती विचारायची, मुराळी कधी? मग विचारायला लागली, आबांची तब्येत कशी आहे? आणि एके दिवशी कासार आला, ओट्यावर ओझं उतरवून पाणी प्यायला आणि पुन्हा ओझं उचलायला लागला.

"येसूचा निरोप?" भिवाजीनं विचारलं.

"काही नाही. मीच म्हटलं तिला, माहेरी काही सांगायचंय का? तर हसली नुसती. म्हणाली, नको, उगाच आबांना घाई होते."

तेव्हा भिवाजीच्या ध्यानात आलं. आजवर ती विचारत होती, म्हणजे वाट बघत होती. आता तिनं वाट बघणंच सोडलं होतं. तो तसाच उठला आणि ओरडला, "केरबा! नीघ! आत्ता नीघ!"

केरबाचेही केस तोवर पांढरे झाले होते. पण तो काठी घेऊन त्याच पावली निघाला.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? खिडक्या उघडल्या असत्या आणि पलंगावर ऊन येऊ दिलं असतं. पण भिवाजीच्या जिवात जीव नव्हता. लेक येणार, खोली नीट दिसायला हवी! त्यानं तेलाचा अख्खा बुधला उघडला आणि पलंगाला पायांपासून उशापर्यंत न्हाऊ घातलं. चादरसुद्धा काढून ठेवली, चकाकी दिसावी म्हणून.

भर दुपारी केरबाबरोबर येसू आली. घाट उतरून थकलेली, पायांवर धूळ, कपाळावर घाम. भिवाजी विहिरीवर पाणी आणायला गेला होता. तो परतला तेव्हा दार उघडं होतं आणि खोलीत एक पोक्त बाई पलंगाच्या कडेला टेकायला वाकली होती.

"बसू नकोस!" भिवाजी ओरडला. "ओलं आहे!"

इतक्या वर्षांनी बापाचा लेकीशी हा पहिला शब्द. ती चटकन सरळ उभी राहिली. भिवाजीनं तिचं तोंड बघितलं. भांगात पांढरे केस होते, डोळ्यांखाली सुरकुत्या होत्या. ती येसूच होती.

"बरं, आबा," ती हळूच म्हणाली. "सासरी सगळा जन्म उभ्यानंच गेला. माहेरी तरी जरा बसावं म्हणून आले होते."

भिवाजीच्या हातातली घागर खाली पडली. तो पुढं झाला, धुतलेल्या धोतरानिशी त्या चिकट पलंगावर बसला, आणि लेकीचा हात धरून त्यानं तिला शेजारी बसवलं. "बस बाई, बस. खराब होऊ दे लुगडं. चुकलो मी. पलंगाच्या पायी तुला विसरलो गं मी."

"विसरला नव्हतात, ते दिसतंय की," येसू खोलीभर बघत म्हणाली. "पण मला कसं कळावं, आबा? मला वाटायचं, आई नाही म्हणून मला माहेरही नाही."

मग ती रडली आणि तोही रडला. रडता रडता ती तिथंच कलंडली आणि गाढ झोपली. ऊन उतरेपर्यंत भिवाजी मोरपिसांच्या पंख्यानं तिला वारा घालत बसला. सगळ्या खोलीत त्या दिवशी कामाला आला तो तेवढा पंखाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू निघाली.

"अगं, आलीस काय आणि चाललीस काय! महिनाभर राहा की," भिवाजी काकुळतीला आला.

"नवी सून होते तेव्हा महिनाभर राहता आलं असतं, आबा. तेव्हा माझ्यावाचून तिथं कुणाचं अडत नव्हतं. आता सगळं घर माझ्या अंगावर आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, सुनेचे दिवस भरत आलेत."

"मग पुढच्या महिन्यात केरबाला धाडतो."

"धाडा," ती म्हणाली. "जमलं तर येईन."

भिवाजीनं पुढच्या महिन्यात केरबाला धाडलं. त्याच्या पुढच्याही महिन्यात धाडलं. कधी सुनेचं बाळंतपण निघालं, कधी सासूचं आजारपण, कधी सुगीची घाई. केरबा एकटाच परत यायचा आणि वहाणा काढता काढता मान हलवायचा. भिवाजीनं पुन्हा पलंगाला तेल लावलं नाही. पलंग आपोआप वाळला, अगदी कोरडा ठणठणीत झाला, आणि म्हातारा त्याच्या कडेला बसून घाटाच्या वाटेकडं बघत राहिला.

तेव्हा लहानथोरहो, एवढंच ध्यानात ठेवा: आपल्या माणसाला आधी बोलवावं आणि खोली मागून सजवावी, कारण खोली कधीही सजते, पण आपल्या माणसाला येता येण्याचे दिवस निघून जातात.