लपवलेले लाल ठिपके

कुणा एका तालुक्यात विहिरींचं पाणी तपासणारं ऑफिस होतं. तिथे इंदुमती मसराम संगणकावर तालुक्याचा नकाशा काढायची. चांगल्या विहिरीचा ठिपका हिरवा, वाईट विहिरीचा लाल. दर सोमवारी लाल विहिरींची यादी गावोगाव जाई. यादीत नाव नाही म्हणजे पाणी चांगलं, असं गावकरी धरून चालत.

दर वेळी यादी काढायचा तिला कंटाळा आला. मग तिने संगणकाला स्क्रिप्ट लिहून दिली, म्हणजे यादी कशी काढायची आणि कुठे धाडायची याच्या आज्ञा. त्यात एक प्रश्न होता: सगळ्या विहिरी तपासायच्या, की नकाशावर दिसतात तेवढ्याच? संगणकाने आधीच 'दिसतात तेवढ्याच' धरलं होतं. तिने ते तसंच राहू दिलं. बदलायला क्षणभर लागला असता, पण आळस नडला.

पुढे ऑफिसचं काम पाहायला पाहुणे यायचे ठरले. ऑफिसचे प्रमुख असलेल्या खडतकर साहेबांच्या डोळ्यांत नकाशावरचे लाल ठिपके खुपू लागले. त्यांनी इंदुमतीसमोरच टेंभूरडोह गावाचे नुकतेच लाल झालेले तीन ठिपके लपवले आणि पाहुणे गेल्यावर ते परत आणायचे विसरले. माणसं पाणी पितात, ठिपके नव्हे, एवढीही अक्कल त्यांना नव्हती. सोमवारची यादी त्या तीन विहिरींवाचून गेली. बाकी नावं होती, म्हणून कुणालाच शंका आली नाही.

दोन आठवड्यांनी टेंभूरडोहच्या शेवंताबाई ऑफिसात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची सून जुलाबांनी दवाखान्यात पडली होती. यादी टेबलावर आपटून त्या म्हणाल्या, "यात आमच्या विहिरीचं नाव नोतं. म्हनून आमी तेच पानी पेत रायलो."

साहेबांनी इंदुमतीपुढे कागद सरकवला. "संगणकाची चूक झाली, असं लिहा आणि सही करा."

इंदुमतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचा राग आला, तितकाच स्वतःचाही. तिने लिहिलं, 'ठिपके साहेबांनी लपवले. दिसेल तेवढंच पाठव, असं संगणकाला मी सांगितलं होतं.' खाली सही केली आणि शेवंताबाईंना वाचून दाखवलं.

"नोकरी जाईल तुमची," साहेब म्हणाले.

शेवंताबाईंचा चेहरा जराही निवळला नाही. "लिवलं ते बरं केलं. पन गाव अजून तेच पानी पेऊन रायलं."

इंदुमतीने आधी गावाला फोन लावला, मग स्क्रिप्टमधलं ते उत्तर बदललं. शेवंताबाई तिला माफ न करताच दवाखान्याकडे निघून गेल्या.

तात्पर्य: यंत्र सांगितलं तेवढंच करतं, सांगणाऱ्याने आपला आळस आणि आपली लबाडी त्याच्या माथी मारू नये.